अमावास्येला चालणारा चरक

आमच्या घरात कुणाचं रक्त कमी असणं शक्यच नव्हतं, कारण आमचं गुऱ्हाळ आहे. मी हे गमतीनं लिहीत नाही. माझे सासरे, ज्यांना घरातले आणि आमच्या राहू गावातले सगळेच आबा म्हणतात, त्यांचं हे ठाम मत होतं. "ज्या घरात बारा महिनं गुळाची ढेप फुटती, तिथं कसलं आलंय रक्त कमी?" असं ते म्हणायचे, आणि आबांनी एकदा म्हटलं की आमच्या घरात ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं पक्कं असायचं. या मतापायी मी उकळत्या रसाच्या काहिलीत पडता पडता वाचले. त्यांचा राग येतो का, असं कुणी विचारलं तर येतो, थोडा येतो. पण पुढं त्यांनी जे केलं ते आठवलं की तो टिकत नाही.

मी मूळची निमोण्याची, म्हणजे भीमेपलीकडच्या शिरूर तालुक्यातली. माहेरी ज्वारी, कांदा आणि थोडी शेवंती. लग्न होऊन इथं आले तेव्हा ऊस नवा नव्हता, पण गुऱ्हाळ नवं होतं. चरकात ऊस पिळायचा, रस भल्या मोठ्या काहिलीत घ्यायचा, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जाळायची आणि रस आटून गूळ होईपर्यंत कुणी तिथून हलायचं नाही. चरकाचं डिझेल इंजिन पहाटेपासून धक धक करत असतं. सुरुवातीला त्या आवाजानं माझं डोकं उठायचं. पुढं तो इतका अंगवळणी पडला की तो थांबला की मला दचकायला व्हायचं.

चाळिशी ओलांडली आणि माझी पाळी बिघडली. किती बिघडली हे लिहायला आजही हात अडखळतो, पण न बोलण्यानंच सगळा घोळ झाला होता, तेव्हा लिहिते. धो धो जायचं. बदलून येते तोवर पुन्हा भिजायचं. आठवडा उलटला तरी थांबायचं नाही, आणि थांबलं म्हणेपर्यंत पुढची पाळी दारात. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. त्या भाकरी थापत म्हणाल्या, "अगं, जायच्या आधी असंच जातंय. दिवा इझायच्या आधी मोठा हुतोयच की." मला ते पटलं. खरं म्हणजे पटवून घेणं सोयीचं होतं. गुळाचा हंगाम ऐन भरात होता आणि घरात माणसांचं चहापाणीच दिवसभर सरत नव्हतं.

मग दम लागायला लागला. गच्चीवर पापड वाळत घालायला निघाले तर मधल्या पायरीवर बसावं लागायचं. आमचे हे म्हणायचे, "वजन वाढलंय तुझं." वजन वाढलं नव्हतं, पण ते बघायला त्यांना माझ्याकडं बघावं लागलं असतं. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा. ओठांचे कोपरे चिरले. जिभेला तिखट सोसेना, आणि मी तर ठेच्याला तोंडीलावणं म्हणून भाकरी खाणारी बाई. नखं आधी सपाट झाली, मग मधून खोलगट, पाण्याचा थेंब ठेवला तर तिथंच बसेल अशी. मी म्हटलं, काहिली घासून घासून हात गेले, नखं कशी राहतील? प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं असं एक कारण तयार असायचं. कारणं शोधण्यात मी वकिलाला हरवलं असतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कहर झाला. बायका गोळा होऊन माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. "अगंबाई, किती उजळलीस गं! काय लावतीस?" मी सावळी. जन्मात मला कुणी उजळलीस म्हणालं नव्हतं. मी पदर सावरत म्हणाले, "काय न्हाई बाई, आमची काकवी लावते." दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी काकवीच्या बाटल्या घेऊन गेल्या. त्यांच्या तोंडाला पुढं मुंग्या लागल्या असतील, पण मी मात्र आरशासमोर दोनदा जाऊन आले. पांढरी पडत चाललेली बाई स्वतःला गोरी समजून हसत होती.

खाण्याचंही तसंच. तांदूळ निवडायला बसले की निवडता निवडता मूठभर कच्चे तोंडात जायचे. मग तेवढ्यानं भागेना. चुलवाणाच्या तोंडाशी जी माती भाजून लालभडक होते, तिचा खरपूस वास मला वेड लावायचा. कुणी नसलं की मी तिचा खडा मोडून तोंडात टाकायची. एकदा आत्याबाईंनी पकडलं. त्या माझ्या तोंडाकडं बघतच राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "दिवस गेल्याती का काय? लेक लग्नाला आली की गं!" मला इतकं हसू आलं की तोंडातली माती पदरावर सांडली. दोघी हसत बसलो. माती का खावीशी वाटते, हे दोघींपैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही.

अमावास्येला आमचं गुऱ्हाळ बंद असतं. ही बैलांच्या काळातली रीत. आता बैल गेले, पण इंजिनाला अमावास्येची सुट्टी अजून मिळते. तशाच एका अमावास्येच्या दुपारी मी जरा आडवी झाले आणि उशीला कान लावला, तर चरक चालू. धक धक, धक धक. मी उठून ओसरीवर आले आणि तणतणले, "अमावास्येला चरक कुणी लावला?" उत्तर प्रदेशातून आलेली आमची कामाची माणसं हौदावर कपडे धूत होती. माझी लेक तेव्हा कॉलेजला होती. तिनं पुस्तकातून मान वर केली. "आई, बंद आहे की." आबा बाजेवर बसले होते, ते खो खो हसले. "देवानं सूनबाईच्या कानातच गुऱ्हाळ घातलंय. बरं झालं, डिझेल लागत न्हाई." सगळे हसले, मीही हसले. पण पुन्हा उशीवर डोकं टेकलं तर इंजिन चालूच. जिना चढून आले की ते जोरात पळायचं, बसले की हळूहळू मंदावायचं. कुणी रेस कमी-जास्त करतंय तसं.

लेकीला मात्र हसू आलं नव्हतं. ती मला ओढत गावातल्या आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या सिस्टरनी बोटाला टोचलं, यंत्राकडं बघितलं आणि पुन्हा टोचलं. "रक्त फार कमी आहे, ताई. मोठ्या दवाखान्यात दाखवा, टाळू नका," असं बजावून त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. घरी येऊन हे सांगितलं तर आबांना ते अपमानासारखं लागलं. आमच्या घरच्या सुनेला रक्त कमी! गावात कळलं तर आपला गूळ कोण घेईल, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दवाखान्याचं त्यांनी कानाआड केलं. पण ते दुष्ट नाहीत, आणि त्यांनी आपल्या परीनं उपाय काढला. "गोळ्या घे, माझी ना न्हाई. पर गुळाच्या चहासंगं घे. दोन्हीचं बळ यील. आन् चहा कडक कर, म्हंजी अंगात भिनंल."

तेव्हापासून घरात माझ्यासाठी सारखा चहा. आबा स्वतः ताज्या ढेपेचा मधला मऊ तुकडा काढून आणायचे. मी पाण्याला गेले की चहा, पाण्यावरून आले की चहा, जेवण झालं की ताटावरच चहा. आयुष्यात इतके लाड माझे माहेरीही झाले नव्हते. गोळीही त्या चहाच्या घोटाबरोबरच गिळायची. महिने गेले, पण दम काही कमी होईना. त्यात संडास काळी व्हायला लागली, त्याला घाबरून मी गोळ्या मधूनमधून सोडायची. आबा म्हणायचे, "गुण यायला वेळ लागतोय, गूळ वाढवू." आणि ते गूळ वाढवायचे.

मग तो दिवस आला. काकवीच्या बाटल्या भरायच्या होत्या. काहिलीत रस उकळून लाल बुडबुड्यांवर आला होता आणि मी लांब दांड्याचं ओगराळं घेऊन काठाशी उभी होते. वाफ तोंडावर येत होती. कानातलं इंजिन आणि बाहेरचं इंजिन एकमेकांत मिसळलं, मग दोन्ही दूर गेली. डोळ्यांपुढं आधी पिवळं, मग काळं. मला एवढंच आठवतं की काहील माझ्याकडं येत होती. प्रत्यक्षात मी तिच्याकडं चालले होते. चिपाडं सारणाऱ्या कामगारानं "भाभी!" म्हणून आरोळी ठोकली आणि माझा पदर धरून मागं ओढलं. ओगराळं काहिलीत पडलं. शुद्धीवर आले तेव्हा मी चिपाडाच्या ढिगावर होते, लेक रडत होती आणि आमचे हे माझे तळवे चोळत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मला एवढा घाबरलेला कधी दिसला नव्हता.

आबा काहिलीत पडलेल्या ओगराळ्याकडं बघत उभे होते. काहिलीतला तो अख्खा घाणा करपून वाया गेला होता, पण त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. "गाडी काढ," एवढंच त्यांनी लेकाला सांगितलं.

माझ्या भावाच्या ओळखीनं आम्ही शिरूरला गेलो. भीमेवरचा पूल ओलांडताना मला माहेरची हवा लागल्यासारखं वाटलं आणि मी उगाच रडून घेतलं. आबाही बरोबर आले होते आणि त्यांच्या मांडीवर धोतराच्या फडक्यात बांधलेली गुळाची ढेप होती. डॉक्टरांना द्यायला. रिकाम्या हातानं कसं जायचं?

डॉक्टर बाई होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. रक्ताचा आकडा आला तो पाचाच्या जरासा वर. "निम्म्यावरही नाही," त्या म्हणाल्या. "चालत कशा आलात? हृदय बिचारं दुप्पट पळतंय. अजून थोडे दिवस गेले असते तर तेच दमलं असतं. आणि तो कानातला आवाज म्हणजे इंजिन नाही हो, तुमचंच काळीज धावतंय."

"गोळ्या चालू हायत की," आबा मधेच म्हणाले. "त्या बी गुळाच्या चहासंगं."

"रोज चहाबरोबरच?"

"तर! एक दिस चुकवला न्हाई."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आजोबा, चहा त्या गोळीतलं लोह अंगाला लागू देत नाही. तुम्ही एका हातानं देत होता आणि दुसऱ्या हातानं काढून घेत होता. गूळ चांगला आहे, खा. पण गूळ म्हणजे औषध नव्हे." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "मुळात हे रक्त जातंय कुठं? कुणी विचारलं का?"

खोलीत आबा होते. आमच्याकडं सुना सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, तिथं हे कसं बोलायचं? मी खाली बघितलं. नखं दिसली. काहील माझ्याकडं येताना दिसली. आणि मला एकदम संताप आला, कुणाचा ते कळेना, बहुतेक सगळ्यांचाच. मी मान वर करून सांगून टाकलं. पाळी किती दिवस येते, किती जातं, केव्हापासून, सगळं. आबा भिंतीकडं तोंड करून बसले.

मग भिंतीकडं बघतच आबा म्हणाले, "म्हंजी काहील खालनं गळतीया. आन् आमी येडे वरनं रस वततोय."

डॉक्टरबाई हसल्या. "एवढं चांगलं मलाही सांगता आलं नसतं."

मला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि रक्त चढवलं. त्याच्या बदल्यात रक्त द्यायला आमचे हे गेले, तर आबाही त्यांच्यामागं शर्टाची बाही वर सारून रांगेत उभे. वय विचारून त्यांना परत पाठवलं तेव्हा ते भांडले. "माझं घ्या की. नुसता गूळ हाय त्यात." परत येऊन ते माझ्या खाटेशी बसले आणि थेंब थेंब उतरणाऱ्या त्या पिशवीकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांना म्हणावंसं वाटलं की आबा, जाऊ द्या. पण म्हणाले नाही. थोडं वाटू दे त्यांना, असंही वाटलं.

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. साधी होती, आणि पुढं ती काढलीही. पण ती गाठ काढल्याचा दिवस मला फारसा आठवत नाही. आठवतो तो त्याआधीचा, घरी आल्यानंतरचा एक दिवस. गोळ्या आता लिंबूपाण्याबरोबर चालल्या होत्या आणि चहा त्यांच्यापासून दोन तास लांब ठेवला होता. दुपारी मी उशीवर कान टेकवला आणि काहीच ऐकू आलं नाही. मी कूस बदलून दुसरा कान टेकवला. तिथंही काही नाही. बाहेर कोंबडी ओरडली, ती ऐकू आली. अमावास्या होती, गुऱ्हाळ बंद होतं आणि माझ्या कानातही ते बंद होतं. मी उठून लेकीला हाक मारली आणि तिच्या गळ्यात पडून रडले. ती घाबरली, तिला वाटलं पुन्हा काही झालं.

आबांचं म्हणाल तर नवा मुल्ला जोरात बांग देतो, तसं झालं. दिसेल त्याची पापणी ओढायची. कामगारांच्या बायका, दूध घालायला येणारी बाई, कुणाला सोडलं नाही. गोठ्यातल्या म्हशीचीही बघितली असं आमचे हे म्हणतात. पाव्हण्यांत कुणी कुणाला "उजळलीस" म्हणालं की आबा कान टवकारायचे. "उजळली का पांढरी पडली, ते आधी बघा." बायकांना लाज वाटायची, आत्याबाई कपाळाला हात लावायच्या. पण आबांच्या नादानं उपकेंद्रात जाऊन बोट टोचून घेतलेल्या बायका मला माहीत आहेत, आणि गोळ्या हाती घेऊन परत आलेल्याही.

लेकीचं शिक्षण झालं. तिला बघायला मांडवगण फराट्याहून पाव्हणे आले. स्थळ चांगलं होतं आणि मुख्य म्हणजे लेकीला मुलगा पसंत होता. दोघांचं फोनवर बोलणं झालं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. ती सकाळपासून देवापुढं चार वेळा जाऊन आली होती. बोलण्यात व्यत्यय नको म्हणून आबांनी सकाळपासूनच गुऱ्हाळ बंद ठेवलं होतं. मुलाच्या आई गोरीपान, चांगल्या पैठणीतल्या. ओसरीच्या पायऱ्या चढून आल्यावर चौकटीला हात धरून जरा उभ्या राहिल्या. "ऊन किती आहे ना," म्हणाल्या. ऊन नव्हतं.

बैठक छान जमली. मुलाचे वडील उसाच्या दराबद्दल बोलत होते, आमचे हे माना डोलवत होते. लेक गुळाच्या चहाचा ट्रे घेऊन आली. मुलाच्या आईंनी कप हातात घेतला आणि काहीतरी गोड बोलावं म्हणून आबांना म्हणाल्या, "पाव्हणे आले तरी गुऱ्हाळ बंद ठेवलं नाही तुम्ही. कामाची माणसं आहात. इथवर धक धक ऐकू येतेय."

लेकीनं ट्रे खाली ठेवला. आत्याबाईंनी आबांकडं असं बघितलं की दगडही गप्प बसला असता. मला त्यांचं चुकीचं वाटलं नाही. मुलगी बघायला आलेल्या विहीणबाईंचं दुखणं काढायचं म्हणजे ठरत आलेलं लग्न आपल्या हातानं मोडायचं. मी लेकीकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला होता, पण तिनं माझ्याकडं बघून, बोल म्हणून, अगदी हलकी मान हलवली.

मी तोंड उघडायच्या आधीच आबा बोलले. "ताई, इंजान सकाळपास्नं बंद हाय."

त्या गोंधळल्या. मुलाचे वडील हसत म्हणाले, "तिला असलं कायबाय ऐकू येतं. वर्ष झालं. मनावर घेऊ नका."

आबा हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "पाव्हणं, मी बी असाच हसलो हुतो," ते म्हणाले. "माझी सून काहिलीत पडायची राहिली."

मग माझं मला कळायच्या आत मी उठले होते. त्यांच्या हातातला चहाचा कप मी काढून घेतला आणि म्हणाले, "चला, आपण जरा आत बसू." त्यांचा हात धरला तर तो गार होता, नखं मधून खोलगट. आत येऊन त्या धान्याच्या कोठीला टेकून बसल्या. लग्न मोडलं असं मला त्या घडीला वाटत होतं, आणि तरी मी त्यांचा हात सोडला नाही.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "तुम्हाला पण यायचा का हो हा आवाज?"

"यायचा."

"आणि आता?"

"आता अमावास्येला आमच्याकडं शांत असतं," मी म्हणाले.